बाहेरचं घड्याळ

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पाठ धरली आहे, म्हणून बसल्या जागेवरूनच करते. वाकले असं समज.

एक बातमी द्यायची आहे आणि ती वाचून तुझं डोकं फिरणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी गोड सांगते. ऑफिसने मला स्वतंत्र खोली दिली. खोली म्हणजे काय, छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या दुकानावरचा माळा. खिडकीतून खाली बघितलं की अंगणात उघड्या छत्र्या वाळत पडलेल्या दिसतात. काळ्या, निळ्या, मधेच एखादी पिवळी. वारा आला की सगळ्या एकदम थोड्याशा सरकतात आणि पुन्हा गप्प बसतात. कधीकधी मी अर्धा अर्धा तास तेच बघत राहते. आत एक टेबल, टेबलावर दोन कॉम्प्युटर, दोघांच्या मध्ये एकच केबल. एकाने पाठवायचं, दुसऱ्याने घ्यायचं, किती वेळ लागला ते मी लिहून ठेवायचं. "एवढी शिकलीस आणि शेवटी पोस्टमन झालीस," असं आई म्हणते.

आता बातमी. तुमच्या आवाजघराच्या समितीने आमच्याकडे काम पाठवलंय. तुझ्याकडच्या मशिनवर वीस वर्षांपूर्वीची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, लोक लांबून ध्वनिमुद्रणं मागवतात ती पोचायला उशीर होतो, अशी तक्रार आहे म्हणे. तेव्हा तुझी जुनी सिस्टिम, एक मधली आणि एक यंदाची, अशा तिन्ही एकाच मशिनवर आळीपाळीने बसवायच्या. तीच केबल, तेच नेटवर्क कार्ड, तीच फाइल. कोण लवकर पोचवतं ते बघायचं. आम्ही त्यांची नावं ठेवली आहेत: आजोबा, काका आणि बाळ. आजोबा हरले तर तुझ्याकडे बाळ येणार.

आणि बाळ आलं तर तुझी चंगळ आहे बघ! सगळी नऊशे बारा मुद्रणं नव्या सिस्टिमवर चढवली की राखणदाराने, म्हणजे तू, एकेक ऐकायचं आणि 'बरोबर आहे' म्हणून सही करायची, अशी समितीची अट आहे. महिना-दीड महिना नुसतं ऐकत बसायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा. मला का नाही मिळत अशी कामं?

फोन का उचलत नाहीस? तीनदा केला.

तुझी,
टिटवी


११ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन झालीस हे उत्तमच झालं. आपल्या घराण्यात आजवर एकानेही निरोप वेळेवर पोचवलेला नाही.

फोनचं म्हणशील तर इथली लाइन बिघडली आहे, नुसती खरखर. तू आपली पत्रं लिहीत जा. तुझं अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी मला लागतं. संगणकावरून पत्र पाठव म्हणशील, तर दिवसभर त्याच पडद्यापुढे बसायचं आणि भाचीचं पत्रही तिथेच वाचायचं, हे काही मला जमणार नाही.

आवाजघर होतं तसंच आहे. सकाळी दार उघडलं की भिंतींवरच्या बुचाच्या अस्तराचा वास येतो. मग खिडकी उघडतो, आजोबांचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून घेतो, चहा करतो, आणि मग काल कोणी काय मागवलं त्याची यादी बघत बसतो. गुरुवारी एक बाई येतात, बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा ऐकतात आणि जातात. एक गृहस्थ दर महिन्याला लांबच्या शहरातून एकाच जिन्याचा आवाज मागवतात. लाकडी जिना, कोणीतरी अनवाणी उतरतंय. एवढंच आहे त्यात. मी त्यांना कधी कारण विचारलं नाही. दुपारी खोलीत ऊन तिरपं येतं, कानाला यंत्र लावलेली माणसं डोळे मिटून बसलेली असतात, आणि मला वाटतं ही सगळी इथे नाहीतच, फक्त यांचे कोट इथे ठेवलेले आहेत.

टिटवे, आजोबांना सांभाळून घे. बाळ इथे नको. ते आलं तर माझा इथला मुक्काम संपला, हे मला दिसतंय. का, ते विचारू नकोस. एकतीस वर्षं या घरात गेली, राहायची खोलीही याच्याच मागे आहे. इथून उठून जायचं कुठे, हे मला खरोखर सुचत नाही.

तुझा,
मामा


२० फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

आजोबा जिंकले!

थांब, नीट सांगते. प्रत्येकाला तीच फाइल तीस तीस वेळा पाठवायला लावली. वेळ ज्याची त्यानेच टिपायची, सुरुवात झाली की एकदा आणि संपलं की एकदा. म्हणजे माझ्या हाताच्या आळसाचा प्रश्नच नको. बटण दाबायचं आणि खाली छत्रीबाईंकडे गप्पा मारायला जायचं, अशी आपली शास्त्रीय पद्धत. वर येऊन बघते तर काय, काका एकोणपन्नास सेकंद, बाळ सेहेचाळीस आणि आजोबा एक्केचाळीस! मला वाटलं माझीच चूक. पुन्हा केलं. पुन्हा एक्केचाळीस. केबल बदलली, कार्ड बदललं, तरी तेच.

साहेबांना दाखवलं तर ते खुर्चीतून उठलेच. "जुनं ते सोनं म्हणतात ते उगीच नाही," म्हणाले. माझा अंदाज असा, की बाळाच्या अंगावर कपडेच फार. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे फाइलच्या एकेका तुकड्याची, झडती घेतं, नोंद करतं, पहारा ठेवतं. आजोबा आपले सदरा झटकला की निघाले.

आणखी एक. समितीने चाचणीसाठी जी फाइल दिली ती तुमच्याच घरातली आहे. 'ओढा, पहाट' असं तिचं नाव. एक ओढा मी दिवसभर एका टेबलावरून त्याच टेबलावर नेते. काल काम संपल्यावर ऐकला. मामा, किती सुंदर आहे! अंधार विरळ होताना पाण्याला जसा रंग येतो तसा तो आवाजच उजळत जातो. त्यात मागे एक बारीक पक्षी बोलतो. तो कुठला?

तुझा मुक्काम कुठेही हलत नाही. आता तरी हस. आणि सकाळी उठून मशिनचं घड्याळ लावून देणारा माणूस जगात तू एकटाच असशील. म्हाताऱ्याची दाढी करून दिल्यासारखं वाटलं मला ते वाचताना.

तुझी विजयी,
टिटवी


२७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अभिनंदन. आजोबा जिंकले, चांगलं झालं.

तो पक्षी पहिल्या मिनिटाला चारदा बोलतो. मग गप्प. मग बरोबर चाळीस सेकंदांनी एकदाच, जरा लांबून. नाव मला आजवर कळलेलं नाही. मुद्रण करताना माझे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात होते, एवढं आठवतं.

कामाची गडबड आहे. पत्र लहान आहे, राग मानू नकोस.

मामा


८ मार्च

प्रिय मामा,

चार ओळींचं पत्र पाठवलंस, ते मी आठ वेळा वाचलं. तुला आनंद झालाय की नाही हे काही मला त्यातून कळलं नाही.

इकडे मात्र धामधूम आहे. एकवीस तारखेला समितीपुढे अहवाल वाचायचा आहे आणि तो मी वाचणार आहे. पहिल्या पानावर माझं नाव! साहेबांनी स्वतः सांगितलं. बातमी बाहेरही गेली आहे. आणखी तीन ठिकाणांहून चौकशी आली, त्यांच्याकडेही जुन्याच सिस्टिम आहेत आणि बदलाव्यात की नाही हे ते माझे आकडे बघून ठरवणार आहेत. मला झोपेत सुद्धा एक्केचाळीस दिसतात. परवा स्वप्नात तुझं आवाजघर पाण्यावर तरंगत होतं आणि आजोबा वल्हं मारत होते. इतक्या सावकाश, की किनारा हलत होता आणि आम्ही नाही.

आई तुझ्यावर रुसली आहे. मावशीकडच्या लग्नात तिने तुला मागून दोनदा हाक मारली आणि तू मानही वळवली नाहीस म्हणे. "शिष्ट झालाय मेला," असं म्हणाली. मी म्हटलं, तो तंद्रीत असेल. ती म्हणाली, "तंद्रीत तो जन्मापासून आहे, पण हाकेला ओ द्यायचा." तिला दोन ओळी लिही.

आणि मलाही. काही बिनसलंय का रे?

टिटवी


१९ मार्च

मामा,

पत्र उद्याच्या टपालाने निघेल आणि परवा सभा आहे, म्हणजे सभेच्या आधी हे तुला मिळणार नाही. तरी आत्ताच लिहिते आहे, उद्यावर टाकलं तर माझा धीर सुटेल.

दुपारी ऑफिसच्या फोनवर तू होतास. तुझं बोलणं मी लगेच कागदावर उतरवलं: "टिटवी, मी बोलतो, तू ऐक. आजोबांचं घड्याळ कामात असताना मागे पडतं. जितकं जास्त काम तितकं जास्त मागे. म्हणून मी रोज सकाळी लावतो. तू त्यांचीच वेळ त्यांनाच विचारलीस. बाहेरचं घड्याळ लावून पुन्हा मोज. मला तुझं पत्र आलं तेव्हापासून ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. ठेवतो."

मी धावत माझ्या माळ्यावर गेले. छत्रीबाईंचं सेकंदकाट्याचं घड्याळ मागून आणलं, बटण दाबलं आणि या वेळी खाली गेले नाही, तिथेच उभी राहिले. आजोबांनी काम संपवलं आणि पडद्यावर लिहिलं, एक्केचाळीस. माझ्या हातात त्रेपन्न झाले होते. पुन्हा केलं. एक्केचाळीस, त्रेपन्न. बाळ मात्र पडद्यावरही सेहेचाळीस आणि हातातही सेहेचाळीस.

मग लक्षात आलं. कार्डाकडून पॅकेटची हाक आली की आजोबा हातातलं टाकून तिकडे धावतात. घड्याळाचा ठोका हीसुद्धा त्यांच्यासाठी एक हाकच असते. धावपळीत दोन ठोके पडून गेले तर ते एकच मोजतात. खोटं बोलत नाहीत बिचारे, त्यांना खरंच वाटतं की एक्केचाळीसच झाले. नवीन सिस्टिम निसटलेले ठोके मागाहून भरून काढते. आणि मी शहाणी, परीक्षेला बसलेल्यालाच घंटा वाजवायला सांगून खाली गप्पा मारत बसले! तू मशिनची दाढी करून देत नव्हतास. मी हसले होते त्याची मला लाज वाटते.

पण पत्र त्यासाठी नाही.

फोनवर मी तुला मधे "कोणतं घड्याळ?" विचारलं. तू बोलतच राहिलास. मी "मामा, थांब, थांब" म्हटलं. मग ओरडून "तू बरा आहेस ना?" विचारलं, आख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. तू श्वास घ्यायला थांबलास, आणि मी विचारलेलं जणू विचारलंच नाही अशा आवाजात पुढे सुरू झालास. आणि लाइनला खरखर नव्हती रे. तुझ्या खुर्चीची करकर मला ऐकू आली. तुझ्यामागे कोणीतरी दार लोटलं तेही आलं.

मामा, तुला कधीपासून ऐकू येत नाही?

टिटवी


२४ मार्च

चि. टिटवीस,

सहा वर्षं.

आधी बारीक पक्षी गेले. एक दिवस 'ओढा, पहाट' लावला तर त्यात नुसता ओढा. मला वाटलं प्रत खराब झाली. दुसरी प्रत काढली, तीही गप्प. मग समोर बसलेल्या मुलीला विचारलं, "यात पक्षी आहे का?" ती हसली, म्हणाली, "आहे की, केवढा गोड आहे." पुढच्या वर्षी लहान मुलांचे आवाज गेले, मग बायकांचे, मग पाणी. सगळे एकदम उठून गेले नाहीत. पाहुणे कसे एकेक करून निरोप घेतात आणि यजमान दिवाणखान्यात बसून राहतो, तसं झालं. आता गिरणीचा भोंगा तेवढा येतो, तोही कानाने कमी आणि टेबलावर ठेवलेल्या तळहाताने जास्त.

इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आवाजघराचा राखणदार बहिरा, हे ऐकून कोणीही हसेल. लोकांच्या ओठांवरून अर्धं कळतं, उरलेलं अर्धं माणसं नेहमी तेच बोलतात. मुद्रणं मला पाठ आहेत. कोणत्या मिनिटाला काय आहे ते सांगू शकतो, म्हणून आजवर कोणाला संशय आला नाही. तुझ्या आईला मी सावकाश लिहीन. तिच्या हाकेला ओ दिली नाही हे माझ्या मनाला फार लागलं.

म्हणून मला बाळ नको होतं. नऊशे बारा मुद्रणं ऐकून सही करायची, आणि मला तर ऐकू येत नाही. खोटी सही करायची किंवा उठून जायचं, तिसरा रस्ता नव्हता. तेवढ्यात तुझे एक्केचाळीस सेकंद आले. मी वाचताक्षणी ओळखलं. ज्या दिवशी लोक जास्त मागवतात त्या दिवशी हे घड्याळ पाच पाच मिनिटं मागे पडलेलं असतं, सुट्टीच्या दिवशी अगदी बरोबर. एवढं साधं आहे ते. मी ठरवलं, आपण काही बोललो नाही तर आपण खोटंही बोललो नाही. असं स्वतःला समजावून तीन आठवडे मी जेवलो, झोपलो, लोकांशी हसलो.

मग तुझं पत्र आलं. "पहिल्या पानावर माझं नाव!" असं तू लिहिलं होतंस, आणि पेन इतकं दाबून लिहिलं होतंस की शाई मागच्या बाजूला उतरली होती. त्यावरून मी बोट फिरवलं. उद्या कोणीतरी हातात घड्याळ घेऊन उभं राहील आणि तुझं नाव त्या पानावरच राहील, हे मला सहन झालं नाही. पत्राला वेळ नव्हता. फोनमध्ये बोलता येतं, ऐकू येत नाही, म्हणून नुसताच बोललो. पलीकडे कोण आहे याचीही मला खात्री नव्हती. ऑफिसातल्या भलत्याच माणसाला मी हे सगळं सांगत असेन, असं वाटत होतं.

तू सभेत काय सांगितलंस ते मला माहीत नाही. आज चोवीस आहे. सामान फार नाही माझं. दोन ट्रंका होतील.

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

ट्रंका पलंगाखाली ढकल.

सभेत मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "तुमच्यापुढच्या अहवालातले आकडे चुकीचे आहेत आणि चूक माझी आहे." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी बघितला नाही. मग खरे आकडे सांगितले. मोठं गाठोडं दिलं तर बाळ पहिलं, काका दुसरे, आजोबा शेवटचे. मात्र नुसते लहान लहान निरोप पाठवले तर आजोबांचं उत्तर सगळ्यांच्या आधी येतं, बाहेरच्या घड्याळानेसुद्धा. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण ते खरं आहे आणि मला ते आवडतं. पण तुमच्याकडची मुद्रणं म्हणजे मोठी गाठोडी. तेव्हा नवीन सिस्टिम येणार, असं ठरलं. मला वाईट वाटलं, पण दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

साहेबांनी अहवालाच्या पहिल्या पानावरून माझं नाव काढलं. आत कुठेतरी लहान अक्षरात आहे. ते जाऊ दे.

मग तुझा विषय. मी काही सांगायच्या आधी अध्यक्षबाईंनी पिशवीतून तुझं पत्र काढलं. बावीस ओळींचं. "मला ऐकू येत नाही, सही करता येणार नाही, दुसऱ्या माणसाची सोय करावी." मला न सांगता तू त्यांना लिहिलंस! कधी लिहिलंस? फोन केलास त्याच दिवशी, आणि कोणाच्या तरी हाती पाठवलंस ना? एक गृहस्थ म्हणाले, "मग आता नव्या माणसाची जाहिरात द्यावी लागेल."

मी हात वर केला. म्हटलं, नवा माणूस येईल, त्याचे कान चांगले असतील, तो 'ओढा, पहाट' ऐकेल. त्यातून पक्षी गळला असेल तर तो काय म्हणेल? म्हणेल, ओढा आहे, छान आहे, आणि सही करेल. जे नाही ते ऐकू येण्यासाठी काय होतं ते आधी माहीत असावं लागतं, आणि ते एकाच माणसाला माहीत आहे. पहिल्या मिनिटाला चारदा, मग चाळीस सेकंदांनी एकदा. तुझं फेब्रुवारीतलं पत्र माझ्या पिशवीत होतं, ते मी वाचून दाखवलं.

मग असं ठरलं: दोन सह्या. एक ऐकणाऱ्याची, एक ओळखणाऱ्याची. राखणदार तूच. ऐकणारा माणूस आपण शोधून आणायचा.

मी पाच आठवड्यांची रजा टाकली आहे. साहेब इतके रागावलेले आहेत की त्यांनी आनंदाने दिली.

टिटवी


९ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र घेऊन मी बाहेरच्या पायरीवर बसलो आणि ऊन उतरेपर्यंत उठलो नाही. रस्त्याने माणसं जात होती, सायकली जात होत्या, पलीकडच्या घरात कोणीतरी गालिचा झटकत होतं. सगळं आवाजाविना चाललं होतं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला ते भीतीदायक वाटलं नाही.

काल आजोबांना बंद केलं. माणूस पाठवू का, असं समितीने विचारलं होतं, मी नको म्हटलं. शेवटचं मागणं त्या जिनेवाल्या गृहस्थांचं होतं, ते जाऊ दिलं. मग पडदा काळा झाला आणि टेबलाची थरथर थांबली. आज सकाळी सवयीने मनगट वर केलं आणि तसाच उभा राहिलो.

मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझ्यासाठी खिडकीजवळची खाट. लवकर ये. तुझ्या आईला पत्र लिहिलं, तिचं सहा पानी उत्तर आलं. अर्ध्या पानांवर शिव्या आहेत आणि अर्ध्या पानांवर शाई विरघळली आहे.

मामा


६ मे, आवाजघर, टेबलाच्या अलीकडून

मामा,

तीन हातांच्या अंतरावर बसून पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पण तू बघताना माझ्या ओठांकडे इतकं बघतोस की मला हसू येतं, आणि हसले की तुला काही कळत नाही. तेव्हा चिठ्ठ्याच बऱ्या.

क्रमांक एक. काहीतरी घासतंय. रंधा की करवत? मग थांबतं. मग कोणीतरी खोकतं. मग पुन्हा घासतंय.


त्याच दिवशी, पलीकडून

करवत आहे. खोकला दोनदा असायला हवा. नीट ऐक.


अलीकडून

दोनदाच आहे. दुसरा अगदी बारीक, हात तोंडावर धरलेला. सॉरी. केली सही.

क्रमांक दोन लावते. पण मामा, एक विचारायचं राहिलं. प्रत्येक मुद्रणाच्या आधी एक माणूस क्रमांक आणि जागा सांगतो. "क्रमांक एक, सुताराचं दुकान, सकाळ." हा तूच ना?


पलीकडून

मीच. तेव्हा एकतीस वर्षांनी लहान होतो.

माझा आवाज मलाही येईनासा झालाय. बोलतो तो नुसता घशात जाणवतो. कसा आहे तो? खरं सांग, मन राखू नकोस.


अलीकडून

खरं सांगते. आवाज काही फार चांगला नाही. थोडा नाकातला आहे. पण घाई केवढी आहे त्याला! क्रमांक अर्धवट गिळतोस, जागेचं नाव उरकतोस. पुढे जे ऐकू येणार आहे ते दुसऱ्याला कधी एकदा ऐकवतो असं झालंय तुला.

डोळे पूस. कागद ओला होतोय.


पलीकडून

पुढचं लाव.